तिला कुणी विचारले?

प्रायश्चित्त काळातील तिसरा रविवार (अ वर्ष)

पहिले वाचन : निर्गम १७:३-७
दुसरे वाचन : रोमकरांस पत्र ५:१-२, ५-८
शुभवर्तमान : योहान ४:५-४२

प्रस्तावना



आज आपण प्रायश्चित्त काळातील तिसरा रविवार साजरा करीत आहोत. यंदा याच रविवारी ८ मार्च, म्हणजे जागतिक महिला दिनही आला आहे. आज ठिकठिकाणी सत्कार होतील, गुलाबाची फुले वाटली जातील, मोबाईलवर शुभेच्छांचा पाऊस पडेल. देवळात मात्र आज आपल्यासमोर एक अनोळखी, बिननावाची स्त्री उभी आहे. तिच्या डोक्यावर घागर आहे आणि ती भर दुपारी एकटीच पाण्याला आली आहे. प्रभू येशू तिच्याशी बोलतो. त्या एका संभाषणाच्या उजेडात, आपला समाज स्त्रीला कसा वागवतो, पूर्वी कसा वागवत होता आणि आपण स्वतः आपल्या घरात व धर्मग्रामात काय करीत आहोत, याचा आज आपण प्रामाणिकपणे विचार करू या.

देवशब्दाचे विवरण

पहिल्या वाचनात इस्राएल लोक रानात तहानेने व्याकूळ झालेले दिसतात. ते मोशेवर कुरकुर करतात, देव आपल्यामध्ये आहे की नाही अशी शंका घेतात. तरीही देव त्यांना खडकातून पाणी देतो. दुसऱ्या वाचनात संत पौल सांगतो की, आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मरण पावला. आपण आधी लायक ठरलो आणि मग देवाने आपल्यावर प्रेम केले, असे झाले नाही. त्याचे प्रेम आधी आले.

शुभवर्तमानात हेच प्रेम याकोबाच्या विहिरीवर बसलेले आपण पाहतो. प्रवासाने थकलेला येशू तेथे बसला आहे. सकाळी आणि संध्याकाळी इतर बायका पाण्याला येतात, पण ही शोमरोनी स्त्री दुपारच्या उन्हात येते. तिच्या आयुष्यात पाच पती होऊन गेलेले आहेत आणि आता ज्याच्याबरोबर ती राहते तो तिचा पती नाही. अशा बाईबद्दल गाव काय बोलत असेल, याची कल्पना आपण सहज करू शकतो. मोशेच्या नियमशास्त्रात सूटपत्र लिहून देण्याचा अधिकार पुरुषाकडे होता. ती पाच जणांपासून कशी दुरावली, कोण वारला आणि कुणी तिला सोडून दिले, हे शुभवर्तमान सांगत नाही. गावाने तरी तिला कधी विचारले असेल का?

येशू तिला विचारतो. तो तिच्याकडे प्यायला पाणी मागतो. तो यहुदी, ती शोमरोनी. तो पुरुष, ती परकी स्त्री. शिष्य परत येतात तेव्हा तो एका स्त्रीशी बोलतो आहे याचेच त्यांना आश्चर्य वाटते. येशू मात्र तिच्याशी पाण्याविषयी बोलतो, उपासनेविषयी बोलतो, तिच्या आयुष्याविषयी बोलतो. तिचे खरे काय ते तो जाणतो, तरी तिला टोचून बोलत नाही. येशूने एकाच व्यक्तीशी केलेल्या इतक्या दीर्घ संवादाची नोंद शुभवर्तमानांत दुसरीकडे क्वचितच सापडेल. आपण मसिहा आहोत हे तो येथे तिला उघडपणे सांगतो. ती घागर तेथेच ठेवते, गावात धावत जाते आणि ज्या गावाला ती टाळत होती त्याच गावाला येशूकडे घेऊन येते.

मनन-चिंतन

रूढींनी कधी विचारले नाही

बंधू-भगिनींनो, आपल्या महाराष्ट्राचा गेल्या दोनशे वर्षांचा इतिहास पाहिला तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. स्त्रीच्या आयुष्याचे सारे निर्णय इतरांनी घेतले आणि तिला कुणी विचारले नाही. आठ-नऊ वर्षांच्या मुलीचे लग्न लावताना तिला विचारले नाही. नवरा वारल्यावर तिचे केस कापताना तिला विचारले नाही. पतीच्या चितेवर तिला बसवणारी सतीची चाल होती, ती १८२९ साली कायद्याने बंद करावी लागली. विधवेच्या पुनर्विवाहाला कायद्याची मान्यता १८५६ साली मिळाली, पण कायदा झाला तरी समाजाने मान्यता द्यायला कित्येक वर्षे घेतली.

याच काळात काही माणसांनी स्त्रीकडे वेगळ्या नजरेने पाहिले. महात्मा जोतीराव फुले व सावित्रीबाई यांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाई शिकवायला जाताना लोक त्यांच्या अंगावर शेण फेकत, हे आपण शाळेत शिकलो आहोत. १८६३ साली या दांपत्याने फसवल्या गेलेल्या विधवांच्या बाळंतपणासाठी आपले घर उघडले. ज्या बाईकडे सारे गाव पाठ फिरवत होते, तिला त्यांनी दार उघडून आत घेतले.

पंडिता रमाबाई आणि विहिरीवरची स्त्री

आजच्या शुभवर्तमानाचा आणि आपल्या महाराष्ट्राचा तर फार जवळचा संबंध आहे. पंडिता रमाबाईंचे नाव आपल्यापैकी अनेकांनी ऐकले असेल. १८५८ साली त्यांचा जन्म झाला. वडिलांनी लोकनिंदा सोसून घरातल्या बायकांना संस्कृत शिकवले. दुष्काळात आईवडील गेले. पुढे लग्न झाले, पण १८८२ साली पतीचे निधन झाले आणि कडेवर लहान मुलगी असलेली ही विदुषी विधवा झाली. त्याच वर्षी सरकारी शिक्षण आयोगापुढे साक्ष देताना त्यांनी स्त्रियांसाठी स्त्री-शिक्षिका आणि स्त्री-डॉक्टर हव्यात, असे ठामपणे सांगितले.

१८८३ साली रमाबाई इंग्लंडला गेल्या आणि तेथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या देशात धर्मभगिनींनी चालवलेले एक आश्रयगृह त्यांनी पाहिले. समाजाने ज्यांना पतित ठरवले होते, अशा स्त्रियांची त्या धर्मभगिनी मायेने सेवा करीत होत्या. रमाबाईंना नवल वाटले. अशा बायकांवर कुणी प्रेम कसे करू शकते, हे त्यांना समजेना. त्यांनी विचारले, तेव्हा एका धर्मभगिनीने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचून दाखवला. म्हणजे आज आपण ऐकले तेच वाचन. भारतातल्या दलित-पीडित स्त्रीला उठवून उभे करण्याची शक्ती या ख्रिस्तात आहे, हे आपल्याला तेव्हा पटले, असे रमाबाईंनी आपल्या साक्षीत पुढे लिहून ठेवले.

हे नुसते लिहून त्या थांबल्या नाहीत. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केले. पुढे केडगावला मुक्ती सदन उभे राहिले आणि दुष्काळात सापडलेल्या शेकडो मुली व विधवा तेथे आल्या, शिकल्या, कामाला लागल्या. शारदा सदनात शिकलेल्या एका विधवेशी, म्हणजे गोदूबाईंशी, धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली विवाह केला आणि त्यासाठी बहिष्कारही सोसला. रमाबाई आपल्या कॅथलिक पंथाच्या नव्हत्या. पण शोमरोनी स्त्रीची गोष्ट त्यांनी ज्या गांभीर्याने ऐकली, त्या गांभीर्याने आपण दर तीन वर्षांनी ती ऐकतो का, हा प्रश्न आपण स्वतःला विचारायला हवा.

आपल्या भागातील चित्र

जुने ते सारे वाईट आणि नवे ते सारे चांगले, असे म्हणणे सोपे आहे. आपल्या भागाचा अनुभव तसे सांगत नाही. उरण-पनवेलच्या आगरी-कोळी वाड्यांत लग्न लावण्याचा मान धवलारीण बाईचा असे. ती धवले गाई आणि तिच्या शब्दाने विधी पार पडत. आगरी समाजात मुलीच्या बापाने हुंडा द्यायचा नसे, उलट मुलाकडून मुलीच्या बापाला देज दिले जाई. देज हीसुद्धा एक किंमतच होती, हे खरे. पण मुलगी म्हणजे घरावरचा बोजा, हा विचार त्यात नव्हता. कोळीण बाई पाटी डोक्यावर घेऊन बाजाराला जाई आणि मासळीचा पैसा तिच्याच हातात असे. मिठागरात आणि भातशेतात बाई पुरुषाच्या बरोबरीने राबत होती.

मग सिडको आली, बंदर आले. जमिनीच्या योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली येथील शेतकरी लढले. १९८४ च्या जानेवारीत जासई-दास्तान परिसरात झालेल्या गोळीबारात पाच जणांनी प्राण दिले. त्या लढ्यात स्त्रियाही रस्त्यावर उतरल्या होत्या. त्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना आली. २६ मे १९८९ रोजी न्हावा-शेवा बंदर सुरू झाले. हातात पैसा आला, नोकऱ्या आल्या, आणि आपल्यासारखी अनेक कुटुंबे वसईहून, गोव्याहून, मंगळूरहून, केरळहून येथे राहायला आली. शेती आणि खाडीबरोबर बाईच्या हातातली कमाईही गेली. देज कमी झाले आणि हुंडा, गाडी, फ्लॅट, हॉलचा खर्च अशा मागण्या सुरू झाल्या. १९६१ च्या कायद्याने हुंडा घेणे आणि देणे दोन्ही गुन्हा आहे. म्हणून आता कुणी हुंडा म्हणत नाही. खुशीने दिलेली भेट म्हणतात.

जमिनीचे पैसे वाटून घ्यायची वेळ आली, तेव्हा बहिणीची आठवण झाली ती सहीपुरती. हक्कसोडपत्र हा शब्द आपल्या भागात लहान मुलालाही ठाऊक आहे. भाऊ येतो, मिठाई आणतो, चार कागद पुढे करतो आणि म्हणतो, "ताई, येथे सही कर." ताईने कागद वाचायला मागितला तर माहेर तुटते. १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतूचे उद्घाटन झाले आणि येथल्या जमिनीकडे साऱ्यांचे डोळे लागले. अशा वेळी प्रत्येक भावाने स्वतःला विचारावे : मी माझ्या बहिणीची सही मागतो आहे, पण तिला काय हवे ते मी कधी विचारले का? बहिणीने समजून-उमजून, मनापासून हक्क सोडला तर तो तिचा मोठेपणा. न विचारता घेतला तर तो आपला लोभ आहे आणि पापनिवेदनात सांगावा असा आहे.

जन्माआधीच निकाल

हुंड्याच्या भीतीतून त्याहूनही भयंकर गोष्ट जन्माला आली. १९८० च्या दशकात मुंबईत, लोकलच्या डब्यांतसुद्धा, गर्भलिंग तपासणीच्या जाहिराती लागत. आज पाचशे रुपये खर्च करा आणि उद्याचे पाच लाख वाचवा, अशा अर्थाचा मजकूर त्यांत असे. कसले पाच लाख, हे सांगायची गरज नव्हती. हुंड्याचे, हे प्रत्येकाला कळत होते. जुनी रूढी आणि नवी जाहिरात येथे हातात हात घालून उभ्या राहिल्या. विधवेला निदान जगल्यावर शिक्षा होत होती. येथे मुलीचा निकाल जन्माआधीच लागला.

मुंबईतल्या स्त्री-संघटनांनी, काही डॉक्टरांनी आणि कार्यकर्त्यांनी याविरुद्ध आवाज उठवला. त्यामुळे १९८८ साली महाराष्ट्राने या तपासणीला आळा घालणारा कायदा केला. असा कायदा करणारे हे देशातील पहिले राज्य. देशभरासाठी कायदा १९९४ साली झाला. तरीही जनगणनेचे आकडे काय सांगतात? महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे १९९१ साली ९४६ मुली होत्या, २००१ साली ९१३ आणि २०११ साली ८९४. शिक्षण वाढले, पैसा वाढला, दवाखाने वाढले आणि मुली कमी झाल्या. सातारा जिल्ह्यात तर काही आईबापांनी नको असलेल्या मुलीचे नावच 'नकुशा' ठेवले होते. २०११ साली तेथे अशा अडीचशेहून अधिक मुलींचे नव्याने नामकरण करण्यात आले. हाक मारताना रोज 'तू नको होतीस' असे ऐकणाऱ्या लेकराच्या मनाचे काय होत असेल? देव प्रत्येक लेकराला त्याच्या नावाने हाक मारतो, असे आपण मानतो. स्नानसंस्काराच्या वेळी धर्मगुरू सर्वांत आधी बाळाचे नाव विचारतात, ते उगाच नव्हे.

जाहिरातीतील स्त्री

आता आपल्या रोजच्या डोळ्यांसमोरचे पाहू. सतीची आणि केशवपनाची चाल गेली, म्हणून आपण निश्चिंत झालो. पण बंदराच्या रस्त्याला लागलेले मोठमोठे फलक पाहा. टायर विकायचा असो, सिमेंट विकायचे असो की अत्तर, बाजूला एक तरुण स्त्री उभी केलेली असते. त्या वस्तूशी तिचा काही संबंध नसतो. नजर खेचून घेणे एवढेच तिचे काम. दुसरीकडे साबणाच्या आणि मसाल्याच्या जाहिरातीत तीच स्त्री सदैव हसतमुख राबत असते. तिला ताप येत नाही, तिचे पाय दुखत नाहीत आणि डाग निघाला की तिला आयुष्य धन्य वाटते. ही जाहिरात स्त्रीशी बोलत असल्याचे सोंग आणते, पण तिला काही विचारत नाही. तू कशी दिसायला हवीस आणि कशात सुख मानायला हवेस, हे तिला सांगून टाकते.

गोरेपणाच्या क्रीमचे उदाहरण तर घराघरातले आहे. १९७५ साली बाजारात आलेली फेअर अँड लव्हली आपल्या कित्येक आया-बहिणींनी लावली. सावळ्या मुलीला नोकरी मिळत नाही, स्थळ येत नाही, आणि चेहरा उजळला की दोन्ही मिळते, अशा गोष्टी जाहिरातींतून वर्षानुवर्षे सांगितल्या गेल्या. २०२० साली कंपनीने नावातला 'फेअर' शब्द काढून 'ग्लो' केला. डबीवरचे नाव बदलले, पण वधूपरीक्षेतला आपला प्रश्न बदलला का? 'मुलगी चांगली आहे, पण रंगाने जरा कमी आहे,' हे वाक्य मिस्सा सुटल्यावर देवळाच्या पायऱ्यांवरच आपण ऐकतो. उत्पत्तीच्या पुस्तकाने पुरुष आणि स्त्री दोघांनाही देवाचे प्रतिरूप म्हटले आहे. देवाच्या प्रतिरूपाला रंगाने कमी म्हणण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

स्त्रीचे असभ्य चित्रण करण्यास मनाई करणारा कायदा आपल्या देशात १९८६ पासून आहे. आपल्या ख्रिस्तसभेनेही याकडे लक्ष वेधले आहे. २२ फेब्रुवारी १९९७ रोजी व्हॅटिकनने जाहिरातींच्या नीतिमत्तेवर एक खास दस्तऐवज प्रसिद्ध केला. जाहिरात ही मुळात वाईट नाही, तिच्यामुळे उद्योग चालतो आणि लोकांना माहिती मिळते, हे त्यात मान्य केले आहे. पण स्त्रीला इतरांच्या सुखासाठी वापरायची वस्तू करून दाखवणे हा तिच्या प्रतिष्ठेवरचा घाला आहे, हेही त्यात बजावले आहे.

आपल्या बंदरावर जहाजातून जे उतरते त्याला आपण माल म्हणतो. त्याचे वजन होते, किंमत ठरते, पेटीला सील लागते आणि तो कुणाच्या तरी नावावर जातो. मालाला कुणी काही विचारत नाही. आज हळदीच्या रात्री मोठ्याने वाजणाऱ्या गाण्यांत, कॉलेजच्या कट्ट्यावर, मोबाईलच्या ग्रुपवर हाच शब्द मुलीला लावला जातो आणि आपण हसतो. आपल्या मुलांनी हा शब्द कुठून उचलला? जाहिरातीतून आणि सिनेमातून उचलला असेल. पण घरात कुणी त्यांना थांबवले नाही, हे आपल्याला नाकारता येणार नाही.

एका गावाने काय केले

परिस्थिती बदलू शकते, हे एका लहान गावाने दाखवून दिले आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचे गाव आहे. करोनाच्या साथीत अनेक तरुण स्त्रियांचे पती गेले होते. पतीच्या अंत्यविधीच्या वेळी बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र आणि जोडवी काढून घेणे या प्रथा बंद करण्याचा ठराव ४ मे २०२२ रोजी हेरवाडच्या ग्रामसभेने केला. अशा प्रथा थांबाव्यात म्हणून करमाळ्याचे प्रमोद झिंजाडे यांनी मोहीम चालवली होती. १७ मे २०२२ रोजी राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनीही हेरवाडचे अनुकरण करावे, असे आवाहन केले. एका ठरावाने शेकडो वर्षांची रूढी लगेच संपत नाही. पण दुःखात बुडालेल्या बाईच्या हातावर दगड मारून बांगडी फोडण्यापूर्वी, तिला काय वाटत असेल, हा प्रश्न त्या गावाने स्वतःला विचारला. ते गाव आपल्या विश्वासाचे नाही. तरीही शोमरोनी स्त्रीशी बोलणाऱ्या येशूची वाट त्याने धरली, असे म्हणायला काय हरकत आहे?

आपल्या घरात आणि ख्रिस्तसभेत

आपण ख्रिस्ती आहोत, आपल्यात असे काही नाही, असे म्हणून हात झटकता येणार नाहीत. केरळच्या त्रावणकोर भागात १९१६ च्या कायद्यानुसार, मृत्युपत्र न करता वडील गेले तर ख्रिस्ती मुलीला मुलाच्या हिश्श्याचा चौथा भाग किंवा पाच हजार रुपये, यांतले जे कमी असेल तेवढेच मिळत होते. मेरी रॉय या ख्रिस्ती शिक्षिका सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढल्या आणि १९८६ साली मुलींना समान वाटा मिळाला. १८६९ च्या ख्रिस्ती घटस्फोट कायद्यात पतीला पत्नीचा व्यभिचार दाखवणे पुरे होते. पत्नीला मात्र पतीच्या व्यभिचाराबरोबर त्याचा छळ किंवा त्याने तिला टाकून दिल्याचेही सिद्ध करावे लागे. हा भेदभाव २००१ साली दूर झाला. विवाह हे पवित्र बंधन आहे, ही आपली श्रद्धा आहे. पण एकाच पापासाठी स्त्रीला आणि पुरुषाला दोन वेगळी मापे लावणे, ही ख्रिस्ताची शिकवण कधीच नव्हती.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९५ साली जगातील स्त्रियांना एक पत्र लिहिले. त्यात त्यांनी स्त्रियांचे आभार मानले आणि ख्रिस्तसभेतील लोकांकडून स्त्रियांवर झालेल्या अन्यायाबद्दल खेदही व्यक्त केला. २०१० साली भारतातील महागुरूंच्या परिषदेने स्त्री-पुरुष समानतेविषयी धोरण जाहीर केले. २०१६ साली पोप फ्रान्सिस यांच्या काळात संत मग्दालिया मरियेचा २२ जुलैचा स्मृतिदिन प्रेषितांच्या सणांच्या दर्जाला नेण्यात आला. पुनरुत्थानाची वार्ता प्रेषितांना सांगण्यासाठी प्रभूने तिलाच पाठवले होते. २०२१ पासून वाचक आणि वेदीसेवक या सेवांची अधिकृत दीक्षा स्त्रियांनाही खुली झाली.

आता आपल्या धर्मग्रामाकडे पाहू. देऊळ झाडणे, फुले लावणे, मुलांना धर्मशिक्षण देणे, आजाऱ्यांच्या घरी जाणे ही कामे बहुतेक कोण करते? आणि पैशाचे, बांधकामाचे, सणाच्या खर्चाचे निर्णय कोण घेते? रोसच्या किंवा हळदीच्या वेळी विधवा आई आपल्याच मुलाच्या अंगाला हात न लावता मागे का उभी राहते? नवऱ्याने टाकलेली, मूल नसलेली किंवा लग्न न झालेली आपली एखादी भगिनी शेवटच्या बाकावर बसते आणि आशीर्वादानंतर कुणाच्या प्रश्नांना तोंड द्यावे लागू नये म्हणून लगबगीने निघून जाते. तीच आपल्या विहिरीवर भर दुपारी येणारी स्त्री आहे. ती उन्हात का येते, हे आपण तिला कधी विचारले नाही. तिच्याविषयी मात्र आपण पुष्कळ बोललो आहोत.

या प्रायश्चित्त काळात

येशूने त्या स्त्रीला काही देण्याआधी तिच्याकडे पाणी मागितले. तिच्याजवळ देण्यासारखे काही आहे, हे त्याने आधी मान्य केले. स्त्रीचा मान राखण्याची सुरुवात येथून होते. उपवास आपण करतोच. यंदा त्याबरोबर आणखी काही करू या.

ज्यांच्या घरी जमिनीची किंवा घराची वाटणी व्हायची आहे, त्यांनी ईस्टरपूर्वी बहिणीला घरी बोलवावे, सारे कागद तिच्यापुढे ठेवावेत आणि तिला काय हवे ते विचारावे.

ज्यांच्या घरी लग्न ठरते आहे, त्यांनी मुलीच्या आईबापांना स्पष्ट शब्दांत सांगावे की, आम्हाला तुमची मुलगी हवी आहे, आणखी काही नको. आणि विधवा आईने वा आजीने सर्वांत आधी पुढे यावे.

घरातल्या पुरुषांनी एक आठवडा संध्याकाळची भांडी घासावीत. हे ऐकून काहींना हसू येईल. पण पवित्र गुरुवारी शिष्यांचे पाय धुणाऱ्या प्रभूचे आपण अनुयायी आहोत.

आईवडिलांनी मुलांबरोबर बसून एखादी जाहिरात पाहावी आणि विचारावे : या बाईला येथे का उभे केले आहे? मुले हुशार असतात. त्यांना उत्तर लगेच कळते.

आणि शेवटच्या बाकावरच्या त्या भगिनीजवळ आपल्यापैकी कुणीतरी आज जाऊन बसावे. उपदेश करू नये. आधी तिचे ऐकावे.

शोमरोनी स्त्रीची घागर विहिरीवरच राहिली. लोक काय म्हणतील हे ओझेही तिने तेथेच ठेवले आणि ती सुवार्ता सांगायला निघाली. आपल्या घराघरांत अशा कितीतरी स्त्रिया आहेत, ज्यांच्याकडून आपण प्रभूविषयी ऐकायचे राहून गेले आहे. प्रभूने त्यांना विचारले आहे. आता आपणही विचारू या. आमेन.

विश्वासू लोकांच्या प्रार्थना

प्रतिसाद : हे प्रभू, आमची प्रार्थना ऐक.

१. आपले पोप, महागुरू, धर्मगुरू व धर्मभगिनी यांनी स्त्रियांच्या प्रतिष्ठेसाठी शब्दाने आणि कृतीने झटावे म्हणून आपण प्रार्थना करू या.

२. आपल्या परिसरात ज्या स्त्रिया घरात मार, अपमान किंवा हुंड्याचा छळ सोसत आहेत, त्यांना धैर्य मिळावे आणि आपण त्यांच्या मदतीला धावून जावे म्हणून आपण प्रार्थना करू या.

३. जाहिरात, सिनेमा व वर्तमानपत्रे या क्षेत्रांत काम करणाऱ्यांनी स्त्रीचे चित्रण आदराने करावे म्हणून आपण प्रार्थना करू या.

४. विधवा, परित्यक्ता आणि एकाकी भगिनींना आपल्या धर्मग्रामात मायेचे माणूस मिळावे म्हणून आपण प्रार्थना करू या.

५. आपल्या मुलामुलींनी एकमेकांना देवाचे प्रतिरूप म्हणून ओळखावे आणि मान द्यावा म्हणून आपण प्रार्थना करू या.

६. थोडा वेळ शांत राहून आपल्या घरातील स्त्रियांसाठी, जिवंत असलेल्या आणि देवाघरी गेलेल्या, आपण वैयक्तिक प्रार्थना करू या.